एकही जहाज न बुडवलेली पाणबुडी

गेन्या, कावळा लगेच शिवला.

आम्ही पिंड मांडून मागं सरतोय न सरतोय तोच समोरच्या बाभळीवरून एक खाली उतरला, मान वाकडी करून आमच्याकडे पाहिलं आणि भाताचं ढेकूळ उचलून गेलासुद्धा. सगळ्यांनी हात जोडले. "सुखात गेला बघा गेनू," तुझा मेहुणा म्हणाला, "कशातच जीव न्हाई राह्यला त्याचा." लोकांना बरं वाटलं. मला इतका संताप आला की विचारू नकोस.

अरे, सगळे तयारीनं आले होते. कावळा अडून बसला की काय काय कबूल करायचं, ते ज्यानं त्यानं ठरवून ठेवलं होतं. कापसाच्या जिनिंगचा मिस्त्री, तू सांभाळायचास तो बॉयलर नीट राखीन, अशी शपथ घेणार होता. मेहुणा तुझी म्हैस विकणार नाही म्हणणार होता. आणि मी? मी दोन दिवस माझ्या हाटेलाच्या मागच्या खोलीत एक वाक्य घोकत होतो: "गेन्या, इथून पुढं ती पाणबुडीची गोष्ट मी तुझ्यासारखी सांगेन. तिनं एकही जहाज बुडवलं नाही, असं चारचौघांत म्हणेन." हे वाक्य तोंडातून काढायला मला काय पडलं असतं, ते तुला ठाऊक आहे. मी सगळं मनात रचलं होतं. आधी मिस्त्री बोलेल, कावळा हलणार नाही. मग मेहुणा, तरी हलणार नाही. लोक घामाघूम होतील, तुझ्या घरच्या सरूवैनी पदर डोळ्याला लावतील, आणि मग मी पुढं होईन, उपरणं सावरीन, आवाज थोडा खाली आणीन.

तेवढी वाट तुझ्यानं बघवली नाही. जन्मभर माझ्या बाकड्यावर बसून माझ्या गोष्टींचे शेवट नासवलेस, जाता जाता हाही नासवलास.

आणि याचा अर्थ तरी काय लावायचा मी? तुझी काही इच्छाच उरली नव्हती, म्हणजे आपलं भांडण तुझ्या लेखी मिटलं होतं? कधी मिटलं? कोण जिंकलं? की इच्छा होती, पण माझ्या शब्दावर भरवसा नव्हता, म्हणून मी तोंड उघडायच्या आत कावळा धाडलास? दोन्हींत अपमान माझाच.

तू परत आलास तो दिवस मला लख्ख आठवतो. मुंबईला गोदीत जातो म्हणून गेलास, तिथून बोटीच्या भट्टीवर चढलास, आणि मग कित्येक वर्षं तुझा पत्ता नव्हता. टिंडेल, म्हणजे भट्टीवाल्यांचा मुकादम, होऊनच तोंड दाखवीन, असं म्हणून गेल्तास. एके दिवशी दुपारच्या गाडीनं जालन्याला उतरलास, स्टेशनासमोर माझ्या हाटेलात शिरलास आणि कालच उठून गेल्यासारखा बाकड्यावर टेकलास. छातीत भट्टीचा धूर भरला म्हणून बोटीवरून उतरवलं तुला, एवढं एकदाच सांगितलंस. त्यापुढं कुणी विचारलं की चहा बशीत ओतायचास आणि फुंकर घालत बसायचास.

बोलायचास ते फक्त त्या एका नावेबद्दल. जगभर फिरलेला माणूस, आणि सांगायला काय, तर पाणी वाहणारी नाव.

फ्रान्सच्या तुलाँ बंदरात तुमच्या जहाजाला गोडं पाणी द्यायला ती आली होती. जुनी, गंजलेली, पाठीनं सपाट, दोन्ही तोंडांना निमुळती. तिला बघून तू म्हणालास, हे पाण्याच्या नावेचं अंग नव्हे. तुमच्यातला एक अरब खलाशी तिकडची भाषा जाणत होता. त्यानं तिच्या म्हाताऱ्या तांडेलाला विचारलं. तो म्हातारा म्हणाला, ही त्यांच्या आरमाराची पहिली पाणबुडी. मी हिशेब केला, माझ्या बापाच्या जन्माच्या वेळची. माणसांनी हातानं फिरवायची नव्हे, यंत्रावर चालणारी. आणि ते यंत्र वाफेवर नव्हे, कोंडलेल्या हवेवर.

तू हे पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा हाटेलात कपबशीचा आवाज थांबला होता. मी गल्ल्यावर उठून उभा राहिलो होतो. मला वाटलं, आता हा सांगणार, ती कशी खालून आली, कशी शत्रूच्या पोटात घुसली. आणि तू काय सांगितलंस?

"तिला खाली ऱ्हाता येत नव्हतं."

बस. बशी तोंडाला लावलीस.

मग माझ्यासारख्या माणसानं काय करायचं, तू सांग. लोक पुढं सरकून बसलेत, आणि तू गोष्टीचं मढं टाकून चहा पितोस. मी ती उचलली. होय, उचलली आणि पुन्हा तसंच करीन. पहिल्या दिवशी मी तिच्याकडून एक जहाज बुडवून घेतलं. पुढच्या बाजाराला तीन. तिकडं लढाई लागली, वर्तमानपत्रांत रोज पाणबुड्या यायला लागल्या, तेव्हा लोकांची भूकच वाढली. मी बारावर नेलं. मी हात पसरून समुद्र दाखवायचो, आवाज खोल न्यायचो, आणि ऐन स्फोटाच्या क्षणी बाकड्यावरून तुझं एक बोट वर यायचं. बशी खाली न ठेवता.

"बराबर न्हाई ते."

"काय बराबर न्हाई, गेन्या?"

"बारा न्हाई. एकबी न्हाई."

"मंग आरमारानं काय लोणचं घालायला बांधली का तिला?"

"बांधली बुडवायलाच. पण जमलं न्हाई. जमलं न्हाई तर न्हाई म्हणायचं."

आणि मग तू, ज्याच्याकडून एरवी दोन वाक्यं काढायला दमछाक व्हायची, तो तू तासभर तिची रचना समजावून सांगायचास. तिच्या पोटात निम्म्याहून जास्त जागा हवेच्या टाक्यांनीच खाल्ली होती. पाण्याखाली भट्टी पेटवता येत नाही म्हणून आधी हवा दाबून दाबून भरायची, त्या हवेवर यंत्र चालवायचं, आणि वर यायचं झालं की त्याच हवेनं पोटातलं पाणी बाहेर ढकलायचं. हवा भरायला सोबत एक आगबोट न्यावी लागे. मी म्हणालो, म्हणजे नवरीच्या मागं करवली. लोक हसले. तू हसला नाहीस. "बराबर हाये," म्हणालास. "करवलीबिगर नवरी चालतच नव्हती."

नाकाला एक लांब दांडा, दांड्याच्या टोकाला बारूद. शत्रूच्या जहाजाजवळ जायचं आणि टोचायचं. मी विचारलं, आणि टोचणारा स्वतः कुठं जायचा? त्यावर तू सांगितलंस की तिच्या पाठीत एक छोटी होडी बसवलेली होती, प्रसंग आला तर आतल्या माणसांनी तिच्यात शिरून सुटायचं. हे सांगताना तुझा आवाज मऊ व्हायचा. बांधणाऱ्यानं माणसं परत आणायचा विचार केलाय, म्हणायचास. भट्टीवर वर्षं काढलेल्या माणसाला ते का आवडलं असेल, ते मला कळत होतं. बोललो नाही कधी.

पण तिची खोड. तिच्या खोडीवर तर तू पोथी सांगावी तसा बोलायचास. रेड्यावर पखाल लादून पखालीवाला समोरून चालला की तू लोकांना दाखवायचास, "ते बघा. पखाल पूर्ण भरली की हेला सरळ चालतो. रिकामी असली तरी सरळ चालतो. अर्धी भरा, मंग बघा कसा झिंगतो. पाणी आत इकडून तिकडं पळतं." तसंच त्या पाणबुडीचं होतं. खाली जायला पोटात पाणी घेतलं की ते पाणी नाकाकडे धावायचं, नाक खाली, तळावर आपटायची. तिथून उसळी, पाणी शेपटाकडे, नाक आभाळात. वर, खाली, वर, खाली. सरळ म्हणून जाता येईना. शेवटी आरमारानं कंटाळून तिला पाणबुडीच्या कामातून काढलं, आतलं सामान काढून पोटात गोडं पाणी भरलं आणि बंदरात जहाजांना पाणी द्यायला लावलं. आणि गेन्या, ते काम ती माणसाच्या आयुष्याइतकं करत राहिली. तू प्यालास तेव्हाही करत होती.

"म्हणजे तालमीतला पैलवान चहा करायला लागला," मी म्हणायचो.

"मंग चहा तर चांगला करतो ना?" तू म्हणायचास.

या एका वाक्यावर आपण किती वर्षं भांडलो. लोक माझ्या गोष्टीला येतात, असं मला वाटायचं. ते आपल्या भांडणाला यायचे, हे आता कळतंय. तू गेल्यापासून बाकडी रिकामी आहेत आणि मी एकटाच बारा जहाजं बुडवून दमतो.

आणि ते मोती तलावाचं प्रकरण. ते तर मी स्वर्गातसुद्धा काढणार आहे.

जिनिंगमधली जुनी टाकी मोडीत निघाली होती. दोन बाजांइतकी लांब. तू ती मागून आणलीस, हंगाम संपल्यावर अंगणात बसून दोन्ही टोकांना पत्रा रिबिटून निमुळतं केलंस, आत हवेची छोटी टाकी बसवलीस. मी आनंदानं वेडा झालो. मोटारीच्या चाकात हवा भरायचा पंप मिळवला, तो हाणायला तालमीतले दोन गडी आणले, गावात दवंडी द्यायचीच बाकी ठेवली. केळीच्या खुंटांचा एक तराफा बांधला, त्यावर लाल निशाण, तो शत्रू. आणि मधोमध आणखी एक तराफा, त्यावर मी, उपरणं घेऊन. वर्णन कुणीतरी करायला नको?

आदल्या दिवशी मी तुझे पाय धरायचे बाकी ठेवले होते. "गेन्या, तूच म्हणतोस ना, आत आडवे पडदे घातले तर पाणी पळणार न्हाई? मंग घाल दोन पडदे. सरळ जाईल."

"तिला पडदे नव्हते."

"पण तुझ्या टाकीला घालता येतात ना?"

"मंग ती दुसरी नाव होईल, नाम्या."

सांग, असल्या माणसाचं काय करावं? चूक माहीत, उपाय माहीत, हातात रिबिटं आहेत, आणि हा बाबा चूक जशीच्या तशी बांधतोय. काळजीनं, मन लावून, अर्धी चूकसुद्धा राहू नये अशी.

बाजाराचा दिवस होता. काठावर ही गर्दी. पोलिसांचे अमीनसाहेब स्वतः आले होते. लढाईच्या दिवसांत कुणीतरी पाणबुडी बांधतोय म्हटल्यावर येणारच. "इसमें आदमी बैठता क्या?" त्यांनी विचारलं. "न्हाई साहेब," तू म्हणालास, "मी शहाणा हाये." तू काठावरून झडपेची दोरी ओढलीस. टाकीनं पाणी घेतलं, नाक टेकवलं आणि गेली. मी आवाज लावला. समुद्राचं वर्णन अर्ध्यावर आलं असेल नसेल, तळाचा चिखल ढवळून वर आला, तुझी टाकी शत्रूपासून पार दुसऱ्याच बाजूला उसळली, परत आपटली, परत उसळली, आणि तिसऱ्या उसळीला माझ्याच तराफ्याखालून नाक काढून तिनं मला पालथं केलं.

मला पोहता येत नाही. तुला ते ठाऊक होतं. पाण्याखाली काय दिसतं, ते मी इतकी वर्षं लोकांना सांगत होतो. काही दिसत नाही. हिरवं दिसतं आणि नाकात जातं. मग शेंडीला हिसका बसला, आणि मी काठावर पालथा पडून पाणी ओकत होतो. तू शेजारी बसला होतास, धापा टाकत, छाती भात्यासारखी वाजत. मला वाटलं, आता हा विचारेल, नाम्या, बरा आहेस ना. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं, गेन्या. तलावाचं नव्हे.

"बराबर असंच व्हायचं तिचं," तू म्हणालास. "बराबर असंच."

गाव हसून हसून लोळलं, अमीनसाहेब रुमालानं डोळे पुसत गेले, आणि तू तिथं चिखलात बसून सुखावला होतास. कारण तुझी नाव अगदी खऱ्यासारखी फसली होती.

त्या दिवसापासून माझा एक मुद्दा होता. तू म्हणतोस एकही नाही. मग माझा तराफा?

"तराफ्याला जहाज म्हणत न्हाईत."

"बरं, पण बुडवला ना?"

"बुडला न्हाई. उलटला. केळीचा खुंट बुडत नसतो."

यावर मी जे बोललो ते इथं लिहिता येणार नाही. शेंडी धरून बाहेर काढलंस, त्याबद्दल मात्र मी काहीच बोललो नाही. आपल्यात तसलं बोलायची पद्धत नव्हती. आताही नाही बोलत. समजून घे.

टाकीचं पुढं काय केलंस ते मला माहीत होतं, पण मी लक्ष दिलं नव्हतं. तिला पितळी तोटी बसवलीस, बैलगाडीच्या साट्यावर चढवलीस, आणि अंगारकीला राजूरच्या वाटेवर नेऊन कडुलिंबाखाली उभी करायला लागलास. तिथल्या विहिरीचं पाणी मचूळ. गणपतीला चालत जाणाऱ्यांचा घसा तिथंच सुकतो. मी म्हणालो, झालं, पैलवान चहा करायला लागला. तू म्हणालास, एकदा चल. मला हाटेल होतं. दर अंगारकीला तू म्हणायचास, एकदा चल. दर अंगारकीला हाटेल होतं.

तेराव्याला सरूवैनींनी पान वाढता वाढता विचारलं, "भाऊजी, अंगारकीला टाकी न्यायची हाये. येता ना?"

"वैनी, मला बैल हाकता येत न्हाईत."

"हाकायला माझा भाऊ हाये. तुम्ही नुस्तं बोलायला चला."

"बोलायला?"

"लोक पेत न्हाईत हो तिच्यातलं. घासलेटाची टाकी वाटते त्यांना. हे नुस्ते 'पाणी हाये, प्या' म्हणून गप उभे ऱ्हायचे. सांजच्याला भरलेली टाकी घेऊन माघारी यायचे आन् म्हणायचे, नाम्या आला अस्ता तर लोक पेले असते. त्याचं ऐकतेत लोक."

मी हातातला घास खाली ठेवला. गेन्या, हे मला का नाही सांगितलंस? बारा की एक, यावर घसा कोरडा करायचास, आणि हे चार शब्द तुला जड झाले? एकदा चल, म्हणे. त्या 'एकदा चल'मध्ये एवढं कोंबलेलं होतं, ते मी कसं ओळखायचं? हवा कोंडून ठेवायची सवय तुझी. सोबत आगबोट लागते, हे बोलायला काय झालं होतं?

काल अंगारकी होती. गेलो.

वाटेतल्या मळ्यातल्या गोड्या विहिरीवर टाकी भरली, लिंबाखाली गाडी सोडली. ऊन असं होतं की तोटीला हात लावला की चटका. लोकांची रांग चालली होती, टाकीकडे बघत होते आणि पुढं जात होते. मी बाजूच्या दगडावर चढलो आणि सुरू केलं. दोन वाक्यांत पंधरावीस माणसं थांबली. जाफराबादकडची एक म्हातारी होती, पायाला चिंध्या बांधलेल्या, तिनं वैनींकडून लोटा घेतला. माझा आवाज लागला. ही टाकी म्हणजे फ्रान्सच्या पाणबुडीची धाकटी बहीण, म्हटलं. तिच्या नाकावर बारूद. ती खालून यायची, आणि एकामागून एक बारा जहाजं...

म्हातारीनं लोटा तोंडापासून खाली घेतला.

"माणसं होती का जहाजात?"

"होती की. शेकड्यानं."

"मेली?"

तिनं लोटा वैनींच्या हातात परत दिला. "न्हाई बा. देवाला चाललो आम्ही. माणसं मारलेल्याच्या पोटातलं पाणी न्हाई प्यायचं." मागचेही सरकले. कुणीतरी म्हणालं, बारूद होती व्हय हिच्यात, चला. भरलेला लोटा हातात धरून सरूवैनींनी माझ्याकडे पाहिलं.

मी दगडावरून उतरलो.

"आजी," मी म्हणालो, "एकबी न्हाई."

"काय एकबी न्हाई?"

"जहाज. एकबी न्हाई बुडवलं तिनं. मारायला बांधली होती, पण तिला ते जमलंच न्हाई. खाली गेली की आपटायची, वर यायची. मंग काढून टाकली कामातून."

"मंग काय केलं तिनं?"

"पाणी दिलं. बंदरात येईल त्या जहाजाला, आपलं-परकं न बघता. लई वर्षं. माझा मित्र पेला हाये तिचं पाणी. त्यानंच ही बांधली."

"कुठं हाये तो?"

वैनींनी लोटा पुढं केला. म्हातारीनं त्यांच्या कपाळाकडे पाहिलं, काय ते समजली, आणि लोटा घेतला. घटाघटा प्याली, आणि परत पुढं केला. मग मागच्या बाईनं हात पुढं केला. मग रांग लागली. दुपार कलायच्या आत दोनदा मळ्यावरून टाकी भरून आणावी लागली. अर्ध्या टाकीनं गाडी अशी झिंगत होती की तुझा मेहुणा बैलांना सोडून तुलाच शिव्या देत होता. म्हणाला, आत पडदे घालून घेऊ. मी म्हणालो, न्हाई. का, ते त्याला सांगायला माझ्याकडे अजून धड शब्द नाहीत.

त्या म्हातारीनं लोटा परत दिला तेव्हा मी वर लिंबाकडे पाहिलं. म्हटलं, एखादा कावळा तरी असेल. एकही नव्हता. तोटीखालच्या चिखलात एक कुत्रं पाणी पीत होतं.

तर गेन्या, बोललो मी ते. चारचौघांत नाही, सबंध वाटेवर, दिवसभर, येईल त्याला. ना स्फोट, ना आवाज, ना हात पसरणं. माझ्या आयुष्यात इतकी मिळमिळीत गोष्ट मी कधी सांगितली नव्हती आणि इतक्या लोकांनी कधी ऐकली नव्हती. आज सकाळी हाटेल उघडलं. तुझ्या जागेसमोर चहा ठेवला, बशीत ओतला, तुझ्या बाजूला तोंड करून ती सगळी पहिल्यापासून एकदा म्हटली. तराफा त्यात घातलेला नाही. नीट ऐकलंस ना?

मग आता बोट वर कर. सांग, बराबर हाये का न्हाई?